नायजेरियाचे २३ कोटी: डोकी मोजली की आकडा फुगला?

(चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मोजदाद

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजात नायजेरियाची लोकसंख्या २३ कोटी २७ लाख धरली आहे. हा आकडा वर्तमानपत्रं, कंपन्यांचे बाजार-अहवाल, अगदी शालेय पुस्तकंही बिनधास्त छापतात. त्या देशात शेवटची जनगणना मार्च २००६ मध्ये झाली. पुढची २०२३च्या मे महिन्यात व्हायची होती, टॅब्लेट आले होते, गणना गटांची, म्हणजे प्रगणकांना वाटून द्यायच्या छोट्या भागांची, आखणी झाली होती, पण एप्रिलअखेर ती पुढे ढकलली. म्हणजे २०२४चा हा आकडा १८ वर्षं जुन्या पायावर चढवलेला मजला आहे. आणि पायाच कच्चा आहे, हे माझं म्हणणं.

मागचे आकडे ओळीने मांडून बघा. १९५२-५३ मध्ये सुमारे ३.०४ कोटी. १९६३ मध्ये ५.५६ कोटी. १९९१ मध्ये ८.९ कोटी. २००६ मध्ये १४.०४ कोटी. आता दरवर्षीच्या वाढीचा वेग काढा. पहिल्या टप्प्यात जवळजवळ ६ टक्के, दुसऱ्यात १.७ टक्के, तिसऱ्यात ३.२ टक्के. जन्म-मृत्यूच्या हिशोबाने ६ टक्के नैसर्गिक वाढ कुठल्याच समाजात होत नाही. दर हजारी ५० जन्म आणि १५ मृत्यू धरले तरी साडेतीनच्या वर जाता येत नाही. आणि त्याच लोकांची वाढ पुढे अचानक १.७ वर येते, पुन्हा ३.२ वर चढते? एका कुटुंबाचे तीन फोटो म्हणून दाखवले, पण तिन्हींत माणसं वेगळी, असा प्रकार आहे हा.

यातल्या १९७३च्या गणनेचं नाव मी घेतलंच नाही, कारण ती रद्दच झाली. त्या वेळी एकूण ७.९८ कोटी आले, त्यातले ५.१४ कोटी उत्तरेत. लष्करशहा मुर्तला मोहम्मद सत्तेवर आल्यावर १९७५ मध्ये ती मोडीत काढली.

ही फुगवाफुगवी का होते, तेही सांगतो. तेलाचा पैसा केंद्राकडे जमतो. तेल निघतं त्या राज्यांचे १३ टक्के आधी बाजूला काढले की उरलेल्यातून केंद्राला ५२.६८, राज्यांना २६.७२ आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना २०.६० टक्के जातात. राज्याराज्यांत वाटताना ४० टक्के सर्वांना समान आणि ३० टक्के लोकसंख्येवर. प्रतिनिधिगृहाच्या ३६० जागाही लोकसंख्येवरच. जिथे डोक्यागणिक पैसा आणि खुर्ची मिळते तिथे डोकी वाढणारच. माझ्या मते खरी लोकसंख्या २० कोटींच्या बरीच खाली असावी.

कृष्णाकाठ

मोजदाद, तुमची पहिली तीन वाक्यं मान्य, शेवटचं अजिबात नाही. तुमच्याच आकड्यांनी तुम्हाला उत्तर देतो.

१९९१ची गणना त्यातल्या त्यात नेटकी मानली जाते. देशाचे दोन लाखांहून अधिक गणना गट पाडून नकाशे केले होते, धर्म आणि वंश हे प्रश्न वगळले होते, आणि आकडा सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. फुगवलेल्या गणनेचं हे लक्षण नव्हे. त्या ८.९ कोटींना २.६ टक्के वाढ लावून मार्च २००६ पर्यंत आणा: १२.९ कोटी येतात. म्हणजे २००६चा आकडा सव्वा कोटीच्या आत, ८-९ टक्के जास्त. ठीक, धरू या की तेवढं फुगलं. तेच १२.९ कोटी त्याच वेगाने २०२४ पर्यंत न्या. २०.७ कोटी. सगळ्यात कडक शंकेखोराचा हिशोब केला तरी २० कोटींच्या वरच थांबतो.

अजून खाली जायचं तर १९९१ही फुगलेली होती असं सिद्ध करावं लागेल. लोकसंख्याशास्त्रज्ञांची त्या वेळची तक्रार उलटी होती: माणसं सुटली असावीत, अशी.

मोजदाद

२.६ टक्के कुठून आणले? तो दर तुम्ही गृहीत धरला. २.३ धरून बघा.

कृष्णाकाठ

आरोग्य सर्वेक्षणांतून. देशाचा एकूण जननदर, म्हणजे सध्याच्या वेगाने एका बाईला आयुष्यभरात होणारी सरासरी मुलं, १९९० मध्ये ६.०, २००३ आणि २००८ दोन्ही वेळा ५.७, २०१३ मध्ये ५.५, २०१८ मध्ये ५.३. पाचच्या वर जननदर, कोवळी वयरचना आणि घटता बालमृत्यू एकत्र आले की अडीचच्या खाली वाढ बसत नाही. २.३ धरायचे तर मृत्यू तरी फार वाढवावे लागतील किंवा काही कोटी लोक परदेशी गेले म्हणावं लागेल. दोन्हीला पुरावा नाही.

जनगणना फुगवता येते, सर्वेक्षणातला दर फुगवून कुणाला काही मिळत नाही. बाईला तिच्या बाळंतपणांचा इतिहास विचारतात, त्यावर कुठल्या राज्याचा वाटा ठरत नाही. म्हणून संख्येवर शंका घ्या, वेगावर घेताना जपून.

शाईपेन

इथे थोडं थांबवते. ‘सर्वेक्षण जनगणनेपासून स्वतंत्र आहे’ हे अर्धंच खरं.

२०१८च्या सर्वेक्षणात सुमारे १,४०० समूह आणि ४२ हजारांच्या आसपास घरं निवडली होती. ते समूह आले २००६च्या गणना गटांच्या यादीतून. उत्तरेतल्या कानो किंवा कात्सिना या एकेका राज्याचा जननदर त्या त्या बायकांच्या उत्तरांवर उभा असतो, तो स्वतंत्र. पण देशाची सरासरी काढताना प्रत्येक राज्याला भारांक, म्हणजे सरासरीतलं वजन, द्यावा लागतो, आणि तो येतो २००६च्याच हिशोबातून. उत्तरेची लोकसंख्या फुगली असेल तर उत्तरेचा भारांक फुगला, आणि उत्तरेत जननदर जास्त असल्याने देशाची सरासरीही वर गेली.

किती वर? २०१८ मध्ये वायव्य विभागाचा जननदर ६.६, नैर्ऋत्य विभागाचा ३.९. देशाच्या वजनातले तब्बल ५ टक्के वायव्येकडून काढून नैर्ऋत्येला दिले तरी फरक पडतो ०.०५ गुणिले २.७, म्हणजे ०.१४. म्हणजे ५.३ चे ५.२ होतील. तेव्हा मोजदाद यांची शंका तत्त्वतः बरोबर, पण तिने वाढीचा वेग हलत नाही. कृष्णाकाठ यांचं उत्तर बरोबर, पण कारण चुकीचं दिलं.

आणखी एक खाच. त्या वेळी ईशान्येच्या बोर्नो राज्यातले काही समूह सुरक्षेमुळे गाळावे लागले. ज्या भागात लोक विस्थापित छावण्यांत राहत होते, नेमका तोच भाग आकड्यांत नाही.

मोजदाद

भारांकाचा मुद्दा मान्य. दर हलत नाही हेही मान्य. मग माझा रोख बदलतो: एकूण किती यापेक्षा कोण कुठे राहतं, यात खोट आहे. आणि नायजेरियाचं खरं भांडण तेच आहे.

२००६ मध्ये कानोत ९४ लाख आणि लागोसमध्ये ९१ लाख. लागोस राज्य सरकारने त्याच सुमारास स्वतःची समांतर मोजणी केली, तिथे पावणेदोन कोटींच्या घरात आकडा आला. केंद्राने तो नाकारला. देशाचं सगळ्यात मोठं बंदर, सगळ्यात मोठा बाजार, चहूबाजूंनी लोक येऊन आदळतात ते शहर, आणि ते कानोपेक्षा लहान?

आणि ही आकडेवारी गोठून बसते. राज्यघटनेत कानोला ४४ स्थानिक परिषदा आणि लागोसला २०. पूर्वीच्या कानोतूनच निघालेल्या जिगावाच्या आणखी २७. परिषदेगणिक पैसा जातो. लागोसने २००३ मध्ये आपल्या ३७ नव्या परिषदा काढल्या, पण केंद्राच्या यादीत आजही २०च आहेत.

रानवारा

लागोसची तक्रार रास्त आहे, पण लागोसचा आकडा सुद्धा डोळे झाकून घेऊ नका. समांतर मोजणी करणाऱ्या राज्यालाही त्यात पैसाच दिसत होता. ९१ लाख कमी वाटतात म्हणून १ कोटी ७५ लाख खरे ठरत नाहीत. राज्याचं क्षेत्रफळ सुमारे ३,६०० चौरस किलोमीटर, त्यात खाजणं आणि पाणथळ बरीच. शिवाय बृहन्लागोस राज्याची हद्द ओलांडून ओगून राज्यात पसरलंय. लोक ‘लागोस’ म्हणतात तेव्हा ओगूनमधलं ओटाही धरतात, जनगणना धरत नाही.

आता उत्तरेबद्दल. दक्षिणेकडचे लोक नेहमी एक युक्तिवाद करतात: घाना, बेनिन, कोत दिव्वार, सगळीकडे किनारा दाट आणि कोरडी उत्तर विरळ, मग नायजेरियातच उलटं कसं? ऐकायला पटतं, पण उत्तरेतला हौसा भाषिकांचा प्रदेश म्हणजे ओसाड सहारा नव्हे. कानोभोवतालची शेती शेकडो वर्षं दाट वस्तीची आहे, शेणखत घालून तीच जमीन वर्षानुवर्षं पिकवतात. सीमेपलीकडच्या नायजर देशातही माणसं वाळवंटात नाहीत, ती मराडी, झिंडर अशी नायजेरियाच्या सीमेला चिकटून राहतात. म्हणजे हा पट्टाच दाट आहे, आणि नायजरने आपली माणसं मोजताना नायजेरियाच्या तेलाच्या पैशाचा विचार केला नव्हता.

ब्रिटिशांच्या १९३१च्या गणनेतही सुमारे २ कोटींपैकी १.१४ कोटी उत्तरेत होते. तेव्हा ना तेल होतं, ना प्रतिनिधिगृह.

मोजदाद

१९३१ची गणना बहुतांशी कराच्या नोंदींवरून केलेला अंदाज होता, घरोघरची मोजणी नव्हे. टोळधाड आणि दक्षिणपूर्वेतली करविरोधी दंगल यांनी ती आणखी लंगडी झाली. तिचा आधार घेऊ नका.

उलट मला हे विचारायचंय. १९५२-५३ मध्ये उत्तरेचा वाटा ५५ टक्के. २००६ मध्ये ५३-५४ टक्के. पन्नास वर्षांत दोन्हीकडचे जननदर इतके वेगळे असताना वाटा जागचा हलत नाही? हे मोजलेलं नाही, ठरवलेलं आहे.

शाईपेन

हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून नीट उत्तर देते.

उत्तरेत मुलं जास्त जन्मतात, पण जास्त मरतातही. २०१८च्या सर्वेक्षणात वायव्य विभागात दर हजार जन्मांमागे १८७ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावली. नैर्ऋत्येत ६२. म्हणजे ६.६ जन्मांतली ५.४ मुलं पाचव्या वाढदिवसापर्यंत पोचतात, तिकडे ३.९ मधली ३.७. जन्मांतला पावणेतीनचा फरक इथेच १.७ वर आला. पुढच्या वयांतही उत्तरेत मृत्यू जास्त. आणि स्थलांतर उत्तरेकडून आणि मध्य पट्ट्यातून दक्षिणेच्या शहरांकडे. ही तिन्ही बलं मिळून वाटा बराच स्थिर राहू शकतो. शिवाय १९५०-६०च्या दशकांत दक्षिणेतही जननदर सहाच्या वर होता. दरी रुंदावली ती गेल्या तीसेक वर्षांत, आणि तिचा हिशोब २००६ मध्ये पुरता दिसलाच नसता. तो पुढच्या गणनेत दिसायला हवा. तेव्हा वाटा स्थिर असणं हा फसवणुकीचा पुरावा नाही.

पण फसवणूक झाली नाही असंही मी म्हणत नाही. २००६चे स्त्री-पुरुष आकडे बघा: पुरुष ७,१३,४५,४८८ आणि स्त्रिया ६,९०,८६,३०२. शंभर बायकांमागे १०३ पुरुष. आपल्याकडे हे नवल नाही, कारण आपल्याकडे मुली मारल्या आणि पाडल्या गेल्या. पश्चिम आफ्रिकेत तो प्रकार नाही. तिथे जन्मताच मुलग्यांचं प्रमाण आपल्यापेक्षा थोडं कमी, आणि पुढे पुरुष जास्त मरतात, त्यामुळे एकूण लोकसंख्येत बायका बरोबरीने किंवा किंचित जास्त निघायला हव्यात. घरोघरच्या सर्वेक्षणांत तशा निघतातही. मग जनगणनेत २२ लाख पुरुष जास्त कसे? दोनच वाटा: एक तर बायका सुटल्या किंवा न असलेले पुरुष लिहिले. पडदा पाळणाऱ्या घरांत पुरुष प्रगणकाला आत जाता येत नाही. दारात उभा असलेला नवरा सांगेल ते लिहायचं. तिथे बायका सुटतात, आणि वाढवून सांगायचं असेल तर तेही तिथेच सोपं. उपाय एकच, त्या गटांत बाई प्रगणक नेमणं.

लेखाजोखा

जनगणनेच्या बाहेरच्या नोंदी कुणीच तपासत नाही? मतदारयादी घ्या.

२०२३च्या निवडणुकीला ९ कोटी ३५ लाख मतदार नोंदलेले होते. देशाचं मध्यवय १८च्या आसपास, म्हणजे १८ पूर्ण झालेले निम्मे. संयुक्त राष्ट्रांचा आकडा खरा असेल तर प्रौढ साधारण ११.४ कोटी, नोंदणी ८२ टक्के. पटण्यासारखं. खरी लोकसंख्या १५ कोटी असती तर प्रौढ साडेसात कोटी, आणि यादी सव्वापट. नोंदणीला बोटांचे ठसे लागतात. २०२२ मध्ये नव्या अर्जांतून २७.८ लाख दुबार आणि अपात्र नावं छाटली गेली, म्हणजे चाळण लागलेली होती.

मोजदाद

चाळण नव्या अर्जांना लागली. जुन्या यादीतले मेलेले काढले का? जन्ममृत्यूची नोंदच पुरी होत नाही, तर काढणार कुठून? २०११ पासून साठत आलेली यादी आहे ती. दरवर्षी त्यातले एक टक्का मेले धरा, बारा वर्षांत जुन्या नावांतला दहावा हिस्सा गेला. शिवाय १५-१६ वर्षांची मुलं रांगेत उभी असल्याचे फोटो प्रत्येक निवडणुकीत येतात.

लेखाजोखा

दहावा हिस्सा काढा. ८.४ कोटी उरतात. अल्पवयीन म्हणून आणखी ४० लाख काढा. ८ कोटी. आणि प्रत्येक प्रौढ नोंदलेला आहे असं अशक्यप्राय गृहीत धरलं तरी लोकसंख्या १६ कोटी. नोंदणी ८० टक्के धरली, तर २० कोटी. म्हणजे कुठूनही आलो तरी २० ते २३ याच पट्ट्यात येतो. तुमचं ‘२० कोटींच्या बरीच खाली’ यात बसत नाही.

मोजदाद

ठीक. ‘बरीच खाली’ हे शब्द मागे घेतो. २०-२१ वर राहतो.

रानवारा

मग पुढच्या गणनेत काय केलं तर भरवसा बसेल, यावर बोलू. घानाने २०२१ मध्ये काय केलं बघा. आधी देशभरच्या प्रत्येक इमारतीला क्रमांक टाकला. मग २७ जूनची एक संदर्भरात्र ठरवली: ‘त्या रात्री या घरात कोण झोपलं होतं?’ एवढाच प्रश्न. टॅब्लेटवर नोंद, प्रत्येक इमारतीचं स्थान उपग्रहाने टिपलेलं. एकूण ३.०८ कोटी आले, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजापेक्षा कमी. आणि सरकारने तो आकडा निमूट छापला.

नायजेरियात बिघडतं कुठे? गणनेच्या दिवसांत जिथे सापडाल तिथे मोजणार, असा नियम. त्यामुळे आपल्या गावाचा आकडा वाढावा म्हणून शहरातली माणसं आधीच गावी जाऊन बसतात. लागोससारख्या शहराचं नुकसान इथे होतं, आणि त्यात कुणाचा कट असावा लागत नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही विचारणं: त्या रात्री कुठे होतात आणि गेले सहा महिने कुठे राहता. दुसरं, लागोसमधल्या मकोकोसारखी पाण्यावर खांबांवर उभी वस्ती, फुलानी गुराख्यांचे फिरते तळ. यांची वेगळी यादी आणि वेगळा दिवस लागतो. पोलिओच्या मोहिमेत उत्तरेतल्या वस्त्या उपग्रहचित्रांवरून एकेक करून शोधल्या होत्या, कारण हाताने काढलेल्या नकाशांत पाडेच्या पाडे नव्हते. ते नकाशे आज तयार आहेत.

कृष्णाकाठ

टॅब्लेटने आकडा खरा होतो यावर माझा विश्वास नाही. अडचण वरती आहे. तिथल्या लोकसंख्या आयोगावर प्रत्येक राज्याचा एक सदस्य असतो. अहवाल राष्ट्राध्यक्ष राज्य परिषदेपुढे ठेवतात, आणि त्या परिषदेत सगळे राज्यपाल बसतात, तेही निवडून आलेले. आपला वाटा ज्या आकड्यावर ठरतो, तो स्वीकारायचा की फेटाळायचा यावर सल्ला देणारे तेच. आयोगाचे अध्यक्ष फेस्टस ओडिमेग्वू यांनी आधीच्या गणना विश्वासार्ह नव्हत्या असं उघड म्हटलं, आणि २०१३ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

मोजणीचा पैशाशी असलेला संबंध सैल करा, मग टॅब्लेट द्या. ३० टक्के लोकसंख्येवर आहेत ते १० वर आणा.

शाईपेन

याला माझा ठाम विरोध. लोकसंख्येचा भार काढलात तर मार कुणाला बसतो? जिथे शाळेत एका बाकावर पाच मुलं बसतात, तिथे. २०१८ मध्ये अजिबात न शिकलेल्या बाईचा जननदर ६.७ आणि माध्यमिकच्या पुढे शिकलेल्या बाईचा ३.४ होता. २०-२४ वयाच्या बायकांपैकी ४३ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. विवाहित बायकांत आधुनिक गर्भनिरोधक वापरणाऱ्या फक्त १२ टक्के होत्या. १९८८च्या धोरणात ‘एका बाईला चार मुलं’ असं लिहिलं, पण शाळा आणि दवाखाना त्या बाईच्या अंतरावर आणला नाही. मुली शाळेत राहाव्यात म्हणून ज्या राज्यांना पैसा हवा, त्यांचाच हप्ता कापायचा आणि वर जननदर उतरण्याची वाट बघायची?

आपल्याकडे लोकसभेच्या जागा १९७१च्या आकड्यांवर गोठवल्या, कारण कुटुंबनियोजन नीट केलेल्या राज्यांना शिक्षा नको. खुर्च्यांपुरतं ते समजू शकते. शाळेच्या पैशाला तोच न्याय लावू नका. वाटप ठेवा, फक्त एकूण डोक्यांऐवजी शाळेच्या पटावर आणि लसीकरणाच्या नोंदींवर बांधा, जिथे दरवर्षी पडताळणी करता येते.

कृष्णाकाठ

पटही फुगतो. शाळेत नसलेल्या मुलांची नावं पटावर चढवणं हे जनगणना फुगवण्यापेक्षा सोपं आहे. लसीकरणाचं तर विचारूच नका, कागदावर शंभर टक्क्यांच्या वर गेलेले तालुके प्रत्येक मोहिमेत निघतात.

लेखाजोखा

२०२३-२४च्या सर्वेक्षणात जननदर ४.८ आला आहे, त्यावर कुणी काही बोललं नाही. १९९० ते २०१८ या २८ वर्षांत ०.७ ची घट आणि पुढच्या पाच वर्षांत ०.५. संयुक्त राष्ट्रांचा २१००चा अंदाज २०१७ मध्ये ७९ कोटी होता, २०२४ मध्ये ४८ कोटींच्या आत आला. पाया तोच, फक्त दर बदलला, आणि एका देशाची ३१ कोटी माणसं कागदावरून गेली. तुमचं २१ की २३ हे भांडण यापुढे बारीक आहे.

शाईपेन

४.८ वर उड्या मारण्याआधी एक तपासा. या सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे लस, जुलाब, ताप, आहार असे कितीतरी जादा प्रश्न असतात. काम वाचवायला प्रगणक साडेचार वर्षांचं मूल साडेपाचचं लिहितो. तसं झालं की अलीकडचे जन्म कमी दिसतात आणि जननदर उतरल्यासारखा वाटतो. १९९९ मध्ये याच देशात हे घडलं होतं: तेव्हा ५.२ आला, आणि २००३ मध्ये पुन्हा ५.७ वर चढला. जन्मवर्षानुसार मुलांची संख्या मांडा. पाचव्या वर्षाला खड्डा आणि सहाव्याला उंचवटा दिसला तर ४.८ सोडून द्या. २०२१च्या वेगळ्या सर्वेक्षणात ४.६ आलाय, त्यामुळे घट खरी असण्याकडे माझा कल आहे, पण तो तक्ता पाहिल्याशिवाय मी ०.५ म्हणणार नाही.

मोजदाद

आणि तो तक्ता तपासायलाही पाच वर्षांची मुलं किती आहेत हे मोजलेलं लागतं. मे २०२३ मध्ये ते मोजलं जाणार होतं.